मणक्याच्या ऑपरेशननंतर 'व्हॅक'ची चाचणी: बाबांनी सही करावी का?

वारणाकाठची
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार. प्रश्न तसा सरळ आहे, पण बाबांची हकीकत सांगितल्याशिवाय तो विचारता येणार नाही. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६४ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलाय आणि मधली नळी अरुंद झालीय. वर्षापूर्वी नदीपर्यंत पायी जाऊन यायचे. आता फाटकापर्यंत गेले की दोन्ही पाय शिसं भरल्यासारखे जड होतात, तिथल्या कट्ट्यावर टेकावंच लागतं. सायकल हातात धरून वाकून चालले तर थोडं लांब जाता येतं, म्हणून ते सायकल घेऊनच दुकानात जातात, बसत नाहीत तिच्यावर. गुरुवारी ऑपरेशन आहे. तिसऱ्या मणक्यापासून खालपर्यंत आठ स्क्रू आणि दोन रॉड.

साखर १४ वर्षांची. एप्रिलमध्ये तीन महिन्यांची सरासरी ९.२ आली तेव्हा सर्जननी तारीख द्यायलाच नकार दिला. म्हणाले, "आत लोखंड बसवायचंय. त्यावर पू धरला तर मला पुन्हा उघडावं लागेल." आता ती ७.३ आहे. तंबाखूची चंची बाबांनी जूनमध्ये स्वतः आईच्या हातात दिली. आईने ती कुठे ठेवलीय ते अजून कुणालाच माहीत नाही. वजन मात्र ९४ किलोच्या खाली येत नाही, चालताच येत नाही तर येणार कसं?

आज भूलतज्ज्ञांच्या तपासणीला गेलो होतो. बाहेर आल्यावर रिसर्चच्या एक मॅडम भेटल्या. त्यांनी नऊ पानांचा मराठी कागद दिला. ऑपरेशननंतर टाक्यांवर 'व्हॅक' म्हणतात ते यंत्र लावून बघायचा अभ्यास चालू आहे. काही पेशंटना नेहमीची पट्टी, काहींना स्पंज आणि वरून पारदर्शक फिल्म लावून सात दिवस पंपाने हवा ओढून घ्यायची. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. मग १४व्या दिवशी, सहा आठवड्यांनी आणि ९०व्या दिवशी पाठीचे फोटो. मी पतसंस्थेत कर्जाचे करारनामे रोज वाचते, तरी 'यादृच्छिक पद्धतीने गटनिश्चिती' आणि 'ऋण दाब जखम उपचार' इथे अडकले. मॅडमनी समजावून सांगितलं, घाई केली नाही, उद्या संध्याकाळपर्यंत विचार करा म्हणाल्या.

घरी आल्यावर बाबांनी चष्मा काढून कागद माझ्याकडे सरकवला. "मी काय पिंजऱ्यातला उंदीर हाय का?" एवढंच बोलले. आईला वाटतं, नाही म्हटलं तर डॉक्टर मन लावून ऑपरेशन करणार नाहीत. भाऊ फोनवर म्हणतो, यंत्र चांगलं असेल तर पैसे भरून घेऊ, चिठ्ठ्या कशाला टाकायच्या?

मला कळत नाही ते हे: हे यंत्र चांगलं आहे हे माहीत असेल तर सगळ्यांनाच का लावत नाहीत, आणि माहीत नसेल तर बाबांवर का बघताय? कुणी हे जवळून पाहिलं असेल तर कृपया लिहा. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

---

माणदेशी
सोमवार, रात्री ११:१५

ताई, करू नका सही. माझ्या चुलत्यांच्या पायाच्या ऑपरेशनच्या वेळी एका दवाखान्यात आमच्याकडून रात्री बारा वाजता कोऱ्या फॉर्मवर अंगठा घेतला होता. पुढे काय झालं, कुठलं औषध दिलं, कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. चुलते वारले नाहीत, पण पाय आखूड राहिला तो राहिला. गरिबाच्या माणसावर शिकायचं आणि श्रीमंताला वापरायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या बाबांना साखर आहे, आधीच धोका आहे. नेहमीची पट्टी लावा म्हणावं, आणि सुखरूप घरी आणा.

---

रात्रपाळी
मंगळवार, पहाटे ५:५०

ताई, आत्ताच ड्युटी संपवून बसलेय, म्हणून सविस्तर लिहिते. २२ वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे, त्यातली बहुतेक ऑर्थोच्या वॉर्डात. माणदेशी दादांच्या चुलत्यांचं झालं ते चूकच, आणि तसं घडत होतं हे मी नाकारणार नाही. पण तुम्हाला नऊ पानं वाचायला घरी दिली, एक दिवस दिला. हा फरक लहान नाही.

आधी एक गोंधळ काढू. 'व्हॅक' म्हणून लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक, उघड्या जखमेचं व्हॅक: जखम उसवलेली, खड्डा पडलेला, त्यात स्पंज भरायचा, वर फिल्म चिकटवायची, नळीने ओढून ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांनी बदलायचं. आमच्याकडे मशीन नव्हतं तेव्हा आम्ही निर्जंतुक केलेला फोम, नाकात घालायची राईल्स ट्यूब आणि भिंतीतलं सक्शन एवढ्यावर ते करायचो. सक्शन सुरू झालं की फुगलेला फोम मनुकेसारखा सुरकुतून कडक होतो. तो तसा झाला की समजायचं, हवा कुठून येत नाहीये.

तुमच्या बाबांना विचारलंय ते दुसरं: टाके घातलेल्या, बंद जखमेवर आधीपासून लावून ठेवायचं, उसवूच नये म्हणून. ओढ किती? मोठ्या यंत्रात पाऱ्याचे १२५ मिलिमीटर, खिशात मावणाऱ्या बॅटरीच्या पंपात ८०. बीपी बघताना पारा १२०-१२५पर्यंत चढतो ना, तेवढाच जोर, पण उलटीकडे, बाहेर खेचणारा. त्याने टाक्यांच्या दोन्ही कडा एकमेकींकडे दाबून राहतात, कातडीखाली साठणारं रक्त-पाणी कमी साठतं, आणि सात दिवस बाहेरचा घाम, हात, चादर काही जखमेला लागत नाही. रोज पट्टी सोडून बघणंही बंद होतं. माझ्या मते हाच त्यातला मोठा फायदा आहे, पण ते माझं मत झालं.

पाठीच्या जखमेचं दुखणं वेगळं. पोटाची जखम वर असते, वाऱ्यावर असते. पाठीच्या जखमेवर माणूस झोपतो. बाबांचं वजन ९४, म्हणजे कातडी आणि मणका यांमध्ये चरबीचा थर जाड, तिथे पाणी साठायला जागा जास्त. जखमेचं खालचं टोक नितंबांच्या फटीजवळ येतं. तिथे घाम येतो आणि फिल्म पहिल्यांदा तिथेच सुटते. मी अशा फिल्म लावल्यात. केस वस्तऱ्याने नाही, क्लिपरने काढायचे. कातडी पूर्ण कोरडी होऊ द्यायची, दोन मिनिटं नुसतं थांबायचं, हे दोन मिनिटांचं थांबणं गडबडीच्या थिएटरात सगळ्यात अवघड. फिल्म ताणून चिकटवायची नाही, ताणली की कडेला पाण्याचे फोड येतात. मग पंप सुरू करून कान जवळ न्यायचा. बारीक 'स्सस' ऐकू आलं की बोट फिरवत जागा शोधायची आणि तिथे फिल्मचा छोटा तुकडा डकवायचा. आणि नळी कधीही पाठीखाली जाऊ द्यायची नाही, बाजूला काढून कमरेशी चिकटवायची. साखरेच्या माणसाच्या पाठीखाली नळी एक रात्र राहिली तर सकाळी तिचा लाल वळ दिसतो, आणि तो वळ पुढे जखम होऊ शकतो.

आता धोका. मणक्याच्या नसांभोवती एक पातळ पिशवी असते, डॉक्टर तिला ड्युरा म्हणतात, आत मेंदूपासून आलेलं पाणी. नळी मोकळी करताना कधीकधी ती फाटते. अनुभवी हातांकडूनही फाटते, विशेषतः जुन्या, चिकटलेल्या अरुंद नळीत. सर्जन ती शिवतात. पण अशा पाठीवर ओढणारं यंत्र लावलं आणि शिवण गळत असली, तर ते पाणी खेचलं जाऊ शकतं. बसलं की भयंकर डोकं दुखतं, आणि क्वचित मेंदूत रक्तस्रावही झालाय. म्हणून अशा माणसाला या यंत्रापासून लांब ठेवलेलं बरं. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. मॅडमना पहिला प्रश्न हाच विचारा: ड्युरा फाटली तर बाबा चाचणीत राहतात की बाहेर? आणि कुणाला पट्टी, कुणाला यंत्र ही चिठ्ठी ज्यात असते ते पाकीट कधी उघडता, आधी की टाके घालून झाल्यावर? टाके घालून झाल्यावर म्हणाल्या तर समजा, कुणीतरी नीट विचार केलाय.

मग हे विचारा. यंत्राचे पैसे कोण देणार. यंत्रामुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे कागदावर लिहिलेलं असलंच पाहिजे. यंत्र बनवणारी कंपनी अभ्यासाला पैसे देते का. रात्री पंप वाजला तर वॉर्डात कोण बघणार, हे मात्र नाव घेऊन विचारा, 'स्टाफ बघेल' हे उत्तर नव्हे. अभ्यासाचा सीटीआरआय नंबर मागा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नंबर, २००९पासून आपल्याकडे प्रत्येक अशा चाचणीची तिथे नोंद करावी लागते. चाचणीत पेशंटच्या हिताकडे लक्ष ठेवणारी एथिक्स कमिटी असते, तिचा फोन शेवटच्या पानावर असेल. सही केली तर त्याची प्रत घरी आणा. मधेच नको वाटलं तर सोडता येतं, कारण सांगावं लागत नाही, आणि उपचार तेच राहतात. आईंना हे नक्की सांगा.

---

लीड्सकर
मंगळवार, सकाळी ९:३०

रात्रपाळी सिस्टरांनी लिहिलंय त्यात मला दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मी इंग्लंडमध्ये ऑर्थोपेडिक्समध्ये काम करतो, मूळचा मिरजेचा. तुमचा कळीचा प्रश्न होता, माहीत असेल तर सगळ्यांना का नाही, नसेल तर बाबांवर का. त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या लुई अर्जेंटा आणि मायकेल मॉरिक्वास यांनी १९९७मध्ये यावरचे निबंध छापले, आधी डुकरांवरचे प्रयोग आणि मग ३०० जखमांचा अनुभव. तो १२५चा आकडा तिथूनच आलाय. त्या सगळ्या उघड्या जखमा. यश डोळ्यांना दिसण्यासारखं होतं, त्यामुळे पद्धत जगभर गेली. मग कुणीतरी विचार केला की बंद टाक्यांवर लावलं तर? इथे गोष्ट अवघड होते. कारण बंद टाक्यांपैकी बहुतेक काहीही न लावता भरतातच. यंत्र लावलं आणि जखम भरली, यावरून काहीच कळत नाही.

इथे ब्रिटनमध्ये पायाच्या मोठ्या फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर २४ रुग्णालयांत १,५४८ जणांवर चाचणी झाली, निकाल २०२०मध्ये आला. तीस दिवसांत खोल संसर्ग यंत्रवाल्यांत ५.८ टक्के, साध्या पट्टीत ६.७ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच. आमच्यापैकी अनेकांची खात्री होती की यंत्र जिंकणार. माझीही होती. त्याआधी एका अमेरिकी अभ्यासात, २६३ फ्रॅक्चरमध्ये, संसर्ग १९वरून १० टक्क्यांवर आलेला दिसला होता. मग २०२२मध्ये कॉक्रेनने, म्हणजे जगभरच्या चाचण्या गोळा करून तपासणाऱ्या संस्थेने, सगळ्या प्रकारच्या ऑपरेशनच्या ६२ चाचण्या, १३ हजारांहून जास्त माणसं, एकत्र मांडली: संसर्ग शंभरात साधारण बाराऐवजी नऊ. म्हणजे फायदा बहुधा आहे. पण त्याच आढाव्यात टाके उसवण्यात फारसा फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६मध्ये जास्त जोखमीच्या जखमांसाठी 'वापरून बघा, पुरावा कच्चा आहे, खर्च परवडतो का पाहा' अशाच अर्थाचं म्हटलं.

आणि पाठ? मणक्यासाठी ज्याचं नाव जास्त घेतलं जातं तो २०१४चा अभ्यास १६० जणांचा, लांबलचक फ्यूजनवाल्यांचा, म्हणजे ज्यांचे बरेच मणके एकमेकांना जोडले अशांचा. यंत्रवाले ४६, साधे ११४. उसवणं १२ टक्क्यांवरून ६वर, संसर्ग १५वरून ११वर. ऐकायला छान. पण तो जुन्या फायली उघडून केलेला अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून नाही. कुणाला यंत्र लावायचं हे डॉक्टरनेच ठरवलं की तुलना तिथेच वाकडी होते. जर्मनीतला एक चिठ्ठ्या टाकून केलेला आहे, पण वीसच माणसांचा. त्यात सोनोग्राफीने मोजलं तर कातडीखालचं पाणी यंत्रवाल्यांत कमी होतं. पाणी कमी म्हणजे पू कमी, हे अजून सिद्ध करायचंय.

हिशेब करून दाखवतो. समजा तुमच्या बाबांसारख्या जोखमीच्या शंभरांत दहांना संसर्ग होतो आणि यंत्राने तो पाचांवर येतो. एवढा मोठा फरकसुद्धा खात्रीने पकडायला प्रत्येक गटात साधारण ४३० माणसं लागतात. एका सर्जनचा अनुभव इथे अपुरा पडतो, मग तो सर्जन कितीही मोठा असो. म्हणून चिठ्ठ्या टाकतात. तुमच्या भावाला सांगा, पैसे भरून यंत्र मिळेल कदाचित, पण ते बाबांच्या पाठीला चांगलं की नाही, हे पैसे भरूनही कळणार नाही. आणि यंत्र दिसतं, ते लपवता येत नाही, म्हणून जखमेचे फोटो अशा माणसाला दाखवतात ज्याला गट माहीत नाही. ९० दिवस का? स्क्रू-रॉड असले की खोल संसर्ग उशिरा डोकं वर काढतो, महिन्याभरात सगळं कळत नाही.

खरं सांगायचं तर, चिठ्ठीत साधी पट्टी आली तर बाबांचं नुकसान झालं असं मी म्हणू शकत नाही. यंत्र आलं तर फायदा झाला असंही नाही. ज्या सर्जनला याचं उत्तर आधीच माहीत आहे असं वाटतं, त्याने चिठ्ठी टाकू नये. ज्याला माहीत नाही आणि तो ते मोकळेपणाने सांगतो, त्याच्यावर मी माझ्या वडिलांची पाठ सोपवेन.

---

पाठराखण
मंगळवार, दुपारी २:०५

माझा अनुभव उघड्या जखमेचा आहे, तरी लिहितो, कारण यंत्र घरी आणलं तर काय होतं ते मी भोगलंय.

माझ्या पत्नीचं मणक्याचं ऑपरेशन झालं. बाराव्या दिवशी अंथरुणावर गुलाबी डाग दिसला. मी समजलो कुंकू सांडलं. दुसऱ्या दिवशी ब्लाऊज पाठीला चिकटला. रुग्णालयात नेलं तर त्यांनी पुन्हा उघडून धुतलं, स्क्रू ठेवले, आणि व्हॅक लावलं. दहा दिवस तिथे ठीक चाललं. मग बेड हवा म्हणून आम्हाला भाड्याच्या यंत्रासकट घरी पाठवलं. गाव आमचं आत, वीज जाते. बॅटरी किती तास चालते हे कुणी सांगितलं नव्हतं. एका रात्री दोन वाजता यंत्र ओरडायला लागलं आणि मग गप्प झालं. फोन लावला, सकाळी घेऊन या म्हणाले. सकाळपर्यंत तो स्पंज तसाच आत, ओलाचिंब, ओढ नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की ओढ बंद पडली तर दोन तासांच्या वर स्पंज आत ठेवायचा नसतो, काढून साधी ओली पट्टी भरायची. हे आम्हाला एका ओळीत लिहून दिलं असतं तर मी स्वतः केलं असतं. तिला पुन्हा ताप आला, पुन्हा थिएटर. आता बरी आहे, स्वयंपाक करते, पण त्या रात्रीचा तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

त्या दुसऱ्या डॉक्टरांकडच्या सिस्टर फिल्मवर मार्करने तारीख आणि 'फोम २' असं लिहायच्या. आत किती तुकडे आहेत ते पुढच्या माणसाला कळावं म्हणून. पहिल्या ठिकाणी कुणी लिहीत नव्हतं. तुम्ही हे बघा. आणि सात दिवस पूर्ण व्हायच्या आत घरी सोडणार असतील, तर पंप बंद पडल्यावर काय करायचं ते मराठीत लिहून घ्या, बोलून नको.

---

लीड्सकर
मंगळवार, दुपारी ३:२०

पाठराखण यांनी लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९मध्ये अशाच यंत्रांबद्दल इशारा काढला होता. दोन वर्षांत ६ मृत्यू, ७७ इजा, आणि त्यातल्या बऱ्याच घटना घरी किंवा शुश्रूषागृहात घडलेल्या. सगळ्यात गंभीर कारण रक्तस्राव, पण आत राहून गेलेले फोमचे तुकडे आणि संसर्गही होते. बंद टाक्यांवर फोम जखमेच्या आत जात नाही, त्यामुळे तो धोका बाबांना नाही. पंप बंद पडण्याचा मात्र आहे.

---

वारणाकाठची
मंगळवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचे प्रश्न वहीत उतरवून घेऊन गेले होते.

मॅडमनी कंटाळा न करता उत्तरं दिली. ड्युरा फाटली तर पेशंट बाहेर. पाकीट शेवटचा टाका झाल्यावर थिएटरमध्येच उघडतात. यंत्र फुकट, पैसे कंपनीचे नाहीत, आणि इजेचा उपचार व भरपाई सहाव्या पानावर आहे, ते मी काल वाचूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सात दिवस घरी सोडत नाहीत. रात्री कोण, या प्रश्नावर त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "हे आम्ही नावाने ठरवलेलं नाही." अर्ध्या तासाने परत आल्या आणि रात्रीच्या इनचार्ज सिस्टरांशी बोलून पंप वाजला तर करायच्या चार गोष्टींचा कागद पलंगाला लावू असं सांगितलं. बाबांच्याच नाही, सगळ्या पलंगांना.

बाबांना मी लीड्सकर डॉक्टरांचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. ४३० माणसांचा हिशेब त्यांनी दोनदा वाचायला लावला. म्हणाले, "म्हंजे एका गाडीचं ॲव्हरेज बघून डेपोचं डिझेल ठरवायचं न्हाई." त्यांनी स्वतः सही केली, पानापानावर. माणदेशी दादा, तुमचं म्हणणं मी टाकून दिलं नाही. कोऱ्या कागदावर एकही सही नाही, हे मी मोजून बघितलं.

---

रात्रपाळी
मंगळवार, रात्री ९:४०

त्या चार गोष्टींच्या कागदासाठी तुम्हाला माझ्या सगळ्या वॉर्डाकडून नमस्कार. गुरुवारी थिएटरला नेताना बाबांना मोजे घाला पायात, आत फार गार असतं.

---

वारणाकाठची
अठरा दिवसांनंतर, रविवार, दुपारी ४:००

उशीर झाला, माफ करा. काही जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून लिहिते.

ऑपरेशन पाच तास चाललं. सर्जन बाहेर आले आणि त्यांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं की स्क्रू उत्तम बसलेत, नसा मोकळ्या आहेत, पण एका जागी ड्युरा हाडाला इतकी चिकटली होती की साधारण तांदळाच्या दाण्याएवढी फाटली. शिवलीय, वरून पाणी येत नाही हे बघितलंय. मी विचारायच्या आधीच म्हणाले, पाकीट उघडलेलं नाही. सिस्टरांनी आधी सांगून ठेवलं नसतं तर मी तिथेच खाली बसले असते. मला फक्त एवढंच विचारता आलं, सपाट किती दिवस झोपवायचं?

दोन दिवस सपाट. बाबा छताकडे बघत पडून होते, आई चमच्याने चहा पाजायची. तिसऱ्या दिवशी पलंगाचं डोकं थोडं थोडं वर घेतलं, दर वेळी फिजिओ विचारायचे, डोकं दुखतं का? नाही दुखलं. पट्टीवर पाण्याचा डाग नाही. चौथ्या दिवशी उभे राहिले. पंधराव्या दिवशी टाके काढले, जखम कोरडी आहे, खालच्या टोकाशी एक टाका लालसर होता तोही निवळला. साखर रोज चार वेळा बघत होते. काल फाटकापर्यंत गेले आणि कट्ट्यावर टेकले नाहीत. सायकल घरातच होती.

शेजारच्या पलंगावर एक काका होते, त्यांना पंप मिळाला होता. दुसऱ्या रात्री तो वाजला. मी बघत होते. सिस्टर आल्या, पलंगाचा कागद वाचला, काकांना कुशीवर वळवलं, कान जवळ नेला आणि फिल्मचा तुकडा लावला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

बाबांना मात्र एक रुखरुख होती. मॅडम डिस्चार्जच्या दिवशी भेटायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "मग माझी सही फुकट गेली का?" मॅडम खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, अभ्यास छापताना वरती एक आकृती काढावी लागते, किती जणांना विचारलं, किती जण तयार झाले, किती जण कुठल्या कारणाने वगळले. ड्युरा फाटल्यामुळे वगळलेले, या रकान्यात तुमचा आकडा राहणार आहे. बाबांनी विचारलं, त्या रकान्यात आणखी किती आहेत? त्या म्हणाल्या, तुमच्यासकट अकरा.